बलांचे ऐक्य आणि कोलारची खाण

विश्वात मूलभूत बले किती, असे कोणी विचारले तर पदार्थविज्ञान आज 'चार' असे उत्तर देते. पहिले गुरुत्वाकर्षण. झाडावरचा आंबा खाली येतो आणि समुद्राला भरती-ओहोटी येते ती या बलामुळे. दुसरे विद्युतचुंबकीय बल. घरातला दिवा, नावेतले होकायंत्र, रेडिओ ही त्याची उघड कामे. परंतु आपण बसतो ती खुर्ची आपल्याला तोलून धरते तीदेखील याच बलाच्या आधारे. ही दोन बले रोजच्या परिचयाची आहेत. उरलेली दोन अणूच्या गाभ्यात दडून असतात. अणुकेंद्रातील प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलीत असतानाही त्यांना घट्ट बांधून ठेवते ते तीव्र बल. चौथे दुर्बल बल; त्याचे काम बांधण्याचे नसून पालटण्याचे आहे. न्यूट्रॉनचा प्रोटॉन करावा, आणि ते करताना एक इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो जातीचा एक जवळजवळ अदृश्य कण बाहेर टाकावा, हा त्याचा उद्योग.

हे चौथे बल आपल्यापासून फार दूर आहे असे कोणी समजू नये. आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी 'शेक' घेण्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयाची पायरी चढलेले असते. कर्करोगावरील हा शेक देण्यासाठी अनेक वर्षे कोबाल्ट-६० हे द्रव्य वापरले गेले. या कोबाल्टच्या अणुकेंद्रातील एक न्यूट्रॉन दुर्बल बलाच्या प्रभावाने प्रोटॉन होतो, कोबाल्टचे निकेल होते, आणि त्या निकेलमधून निघालेले गॅमा किरण रोग्याच्या गाठीवर सोडले जातात. सूर्य जळतो त्याची पहिली पायरीही हेच बल चढते. या कोबाल्टची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

आता ही चार बले खरोखरच चार आहेत, की एकाच मूळ बलाची ती चार रूपे आहेत? गेली दोनशे वर्षे हा प्रश्न शास्त्रज्ञांना स्वस्थ बसू देत नाही. अनेकातून एक पाहण्याची ओढ माणसाच्या मनात उपजतच असते, आणि एकाच निर्मात्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती अधिकच गोड वाटते. या गोडीत एक धोका आहे. ऐक्य असावे असे वाटणे वेगळे आणि ऐक्य आहे असे दाखवून देणे वेगळे. या दोहोंमधील अंतर किती मोठे असते, आणि ते कधी कापले गेले व कधी नाही, हे पाहण्यासाठीच आम्ही हा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पृथ्वीवर फळ पडते आणि आकाशात चंद्र फिरतो, या दोन्ही घटनांमागे एकच नियम आहे हे न्यूटनने १६८७ साली दाखविले, ते सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. पुढची पायरी कोपनहेगनमध्ये चढली गेली. १८२० साली हान्स क्रिस्टियन ऑर्स्टेड यांना आढळले, की तारेतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, तर चुंबकापासून वीज का होऊ नये? हा प्रश्न ज्याने धसास लावला तो मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा होता, आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला होता. १८३१ साली त्याने चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्याद्वारे वीज निर्माण करून दाखविली. आज आपल्या घरी येणारी बहुतेक सारी वीज त्याच तत्त्वाने तयार होते.

फॅरडे सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत सभासद होता. निसर्गातील सर्व शक्तींचे मूळ एक असले पाहिजे अशी त्याची दृढ समजूत होती, आणि तिला त्याच्या श्रद्धेचे पाठबळ होते असे त्याचे अनेक चरित्रकार म्हणतात. १८४५ मध्ये चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्याने सिद्ध केले. तेव्हा उरले ते गुरुत्वाकर्षण. १८४९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात उंच छतापासून त्याने तारेची वेटोळी खाली मऊ गादीवर सोडून पाहिली. पडताना त्यांत वीज उत्पन्न होते काय, हे त्याला तपासायचे होते. वीज उत्पन्न झाली नाही. सुई हलल्याचा भास झाला तेव्हा त्याने कारण शोधून काढले आणि तो दोष आपल्याच मांडणीचा असल्याचे नोंदले. १८५० साली रॉयल सोसायटीपुढे त्याने हे अपयश जसेच्या तसे सांगितले, आणि असा संबंध असावा ही आपली धारणा मात्र ढळलेली नाही, पण तिला पुरावा नाही, अशी स्वच्छ कबुली दिली. दहा वर्षांनी, वयाची साठी उलटल्यावर आणि स्मरणशक्ती क्षीण झालेली असताना, छर्रे पाडण्याच्या एका उंच मनोऱ्यात शिशाची जड वजने घेऊन त्याने तोच प्रयत्न पुन्हा केला. निष्कर्ष पुन्हा शून्य. तो निबंध प्रसिद्ध करू नये असा सल्ला जॉर्ज स्टोक्स यांनी दिला आणि फॅरडेने तो मागे घेतला. आमच्या मते फॅरडेचे मोठेपण त्याच्या यशस्वी प्रयोगांइतकेच या दोन फसलेल्या प्रयोगांतही आहे.

त्याच सुमारास रोममध्ये एक येशूसंघीय धर्मगुरू याच विषयावर ग्रंथ लिहीत होते. फादर अँजेलो सेक्की हे रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे संचालक होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांची वर्गवारी लावण्याचे त्यांचे कार्य खगोलशास्त्रात आजही आदराने स्मरले जाते. १८६४ साली त्यांनी 'भौतिक बलांचे ऐक्य' या अर्थाचे शीर्षक असलेला ग्रंथ इटालियन भाषेत प्रसिद्ध केला. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व ही सर्व द्रव्याच्या आणि ईथरच्या गतीचीच रूपे आहेत असे त्यांचे प्रतिपादन होते. ईथर म्हणजे अवकाश भरून राहिलेले एक अदृश्य माध्यम. त्या काळी ते सर्वमान्य होते. पुढे १८८७ चा मायकेलसन-मॉर्ली यांचा प्रयोग आणि १९०५ चा आइन्स्टाइन यांचा सिद्धांत यांनी ईथरची गरजच संपविली, आणि त्याबरोबर फादर सेक्की यांचे ऐक्यही गेले. ताऱ्यांचे काम टिकले, कारण ते मोजमापावर उभे होते.

खरे ऐक्य जुळविले ते स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी वीज आणि चुंबकत्व यांचे नियम एका गणिती साच्यात बसविले, आणि त्या गणितातून एक लाट निघाली जिचा वेग प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळत होता. म्हणजे प्रकाश हीदेखील विद्युतचुंबकीय लाटच. हे म्हणणे कागदावर राहिले नाही. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये अशा लाटा प्रयोगशाळेत निर्माण केल्या. आकाशवाणीवरील बातम्या ऐकताना आपण मॅक्सवेलच्या ऐक्याचीच साक्ष ऐकत असतो.

यानंतरचा सर्वात प्रसिद्ध प्रयत्न आइन्स्टाइन यांचा, आणि तो सफल झाला नाही. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व यांना एका सूत्रात ओवण्यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची तीस वर्षे वेचली. एप्रिल १९५५ मध्ये प्रिन्स्टनच्या रुग्णालयात मरणशय्येवर असताना त्यांनी आपल्या आकडेमोडीचे कागद मागवून घेतले होते. अणुकेंद्रातील दोन नवी बले तोवर समोर आली होती, परंतु त्यांना आइन्स्टाइननी आपल्या जुळणीत फारसे स्थान दिले नाही. व्हिएन्नात कॅथोलिक म्हणून बाप्तिस्मा झालेले आणि तिखट जिभेबद्दल ख्यात असलेले वोल्फगांग पाउली यांवर थट्टेने म्हणत, की देवाने जे वेगळे केले आहे ते माणसाने जोडू नये. लग्नविधीतील परिचित वचन त्यांनी असे उलटे फिरविले होते.

गंमत अशी, की ज्या बलाने पुढे ऐक्याचा मार्ग मोकळा केला त्याची पहिली चाहूल या पाउलींनाच लागली होती. किरणोत्सर्गात इलेक्ट्रॉन बाहेर पडताना थोडी ऊर्जा हरवल्यासारखी दिसे. ती एखादा अदृश्य कण घेऊन जात असावा असे पाउलींनी १९३० मध्ये सुचविले. रोमच्या एन्रिको फेर्मी यांनी १९३३-३४ मध्ये त्या न्यूट्रिनोला घेऊन दुर्बल बलाचा पहिला सिद्धांत रचला. विद्युतचुंबकीय बलाशी त्याचे काही साम्य असावे असे फेर्मींच्या मांडणीतच सूचित होते, परंतु साम्यापेक्षा भेद अधिक ठळक होते. विद्युतचुंबकीय बल ताऱ्यांपर्यंत पोहोचते. दुर्बल बल प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागापलीकडे जात नाही. एक सशक्त, दुसरे नावाप्रमाणे दुर्बल.

१९५७ च्या प्रारंभी आणखी एक भेद उघड झाला. त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांनी केलेल्या सूचनेवरून चिएन-शिउंग वू या चिनी-अमेरिकन विदुषीने अतिशीत केलेल्या कोबाल्ट-६० वर प्रयोग केला. कोबाल्टमधून निघणारे इलेक्ट्रॉन सर्व दिशांना सारखे जात नव्हते. एका बाजूला त्यांचा स्पष्ट कल होता. याचा अर्थ असा, की दुर्बल बल डावे-उजवे ओळखते. आरशातले जग आणि खरे जग त्याला सारखे नाही. इतर कोणतेही बल असा भेदभाव करीत नाही. त्याच वर्षी दुर्बल बलाचे नेमके गणिती रूप शोधून काढणाऱ्यांत एक भारतीय तरुण होता. केरळातील कोट्टायमजवळच्या एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम करून अमेरिकेला गेले होते. तेथे रॉबर्ट मार्शाक यांच्यासमवेत त्यांनी हा सिद्धांत मांडला. परंतु फाइनमन आणि गेल-मान यांचा तशाच आशयाचा निबंध आधी नियतकालिकात आला आणि जगाने बराच काळ श्रेय त्यांनाच दिले. पुढच्या साऱ्या इमारतीचा हा पाया होता. नोबेल पारितोषिक मात्र सुदर्शन यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. आम्हाला ही गोष्ट आजही खटकते.

इतक्या भिन्न स्वभावाची दोन बले एक कशी असतील? याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. आधुनिक मतानुसार प्रत्येक बल हे कणांच्या देवाणघेवाणीतून कार्य करते. विद्युतचुंबकीय बलाचा निरोप्या म्हणजे फोटॉन, प्रकाशाचा कण. त्याला वस्तुमान नाही. दुर्बल बलाचे निरोपे फार जड असावेत असा तर्क होता. निरोप्या निर्माण करण्यासाठी निसर्गाकडून ऊर्जा उसनी घ्यावी लागते, आणि निसर्गाच्या पतपेढीचा नियम कडक आहे: कर्ज जितके मोठे तितकी परतफेडीची मुदत थोडी. फोटॉनला वस्तुमानच नसल्यामुळे त्याचे कर्ज कितीही लहान असू शकते, म्हणून तो हवे तितके अंतर जातो. जड निरोप्याला क्षणार्धात परतावे लागते, म्हणून दुर्बल बलाची धाव तोकडी पडते. म्हणजे दुर्बल बल मुळात दुबळे नसेलही. निरोपे जड झाल्यामुळे ते दुबळे दिसत असेल.

निरोपे जड झाले कसे? येथे आम्ही घरातला एक दाखला देतो. फळीवर खोबरेल तेलाची आणि तिळाच्या तेलाची अशा दोन बाटल्या आहेत. मे महिन्यात दोन्ही तेले सारखीच वाहतात. डिसेंबरातील एखाद्या गार सकाळी पाहावे तर खोबरेल गोठून बसलेले असते आणि तिळाचे पूर्ववत वाहत असते. ज्याने केवळ थंडीच पाहिली आहे त्याला वाटेल, की एक द्रव आणि एक घन अशा या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत. विश्वाचा आरंभ झाला त्या पहिल्या सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात अशीच एक प्रचंड उष्णता होती, आणि तेव्हा या बलांचे सर्व निरोपे वस्तुमानरहित, एका दर्जाचे होते. विश्व निवत गेले तसे काही निरोपे जड झाले आणि फोटॉन तेवढा हलका राहिला. सममिती नष्ट झाली नाही, थंडीने झाकली गेली. अर्थात दाखला तो दाखलाच. तेल आपल्या स्वभावाने गोठते, येथे निरोप्यांना जडत्व देणारे एक क्षेत्र सर्व अवकाशात पसरलेले असावे लागते. १९६४ साली ब्रसेल्सचे आँग्लेर व ब्राउट आणि एडिंबरोचे पीटर हिग्ज यांनी अशा क्षेत्राचे गणित मांडले.

ऐक्याचा सांगाडा शेल्डन ग्लॅशो यांनी १९६१ मध्येच उभा केला होता. त्यात अजून एक नवा निरोप्या लागत होता, ज्याला विद्युतभार नाही, परंतु जो फोटॉनसारखा हलकाही नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी तीन पानांहूनही छोट्या निबंधात तो सांगाडा आणि हिग्ज यांची युक्ती एकत्र केली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील अब्दुस सलाम यांनी स्वतंत्रपणे तेच साधले आणि १९६८ मध्ये मांडले. ग्लॅशो आणि वाइनबर्ग हे न्यूयॉर्कच्या एकाच शाळेतून १९५० साली एकाच वर्गातून बाहेर पडलेले मित्र. सलाम झंगचे, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील एका लहान गावचे. निबंधाकडे चार वर्षे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. गणितात अनंत संख्या निघतील अशी भीती होती. १९७१ मध्ये उट्रेख्टच्या हेरार्ड ट होफ्ट या विद्यार्थ्याने आपले गुरू व्हेल्टमन यांच्या मार्गदर्शनाखाली ती भीती निराधार ठरविली आणि मग सारे जग त्या तीन पानांकडे वळले.

पण फॅरडेची वेटोळी आपण विसरता कामा नये. सुंदर गणित म्हणजे पुरावा नव्हे. भाररहित जड निरोप्या खरोखर असेल तर न्यूट्रिनो एखाद्या इलेक्ट्रॉनला स्वतः न पालटता नुसता धक्का देऊन निघून जाईल. अशी घटना कोणी पाहिलेली नव्हती. जिनीव्हाजवळच्या सर्न या युरोपीय संस्थेत गार्गामेल नावाची एक भली मोठी टाकी होती. हे नाव फ्रेंच साहित्यातील एका राक्षसाच्या आईचे. टाकीत फ्रिऑनसारखा जड द्रव भरलेला असे. विद्युतभारित कण त्यातून गेला म्हणजे मागे बुडबुड्यांची रेघ उमटे आणि तिचे छायाचित्र घेतले जाई. लाखो छायाचित्रे डोळ्यांनी तपासावी लागत. १९७२ च्या अखेरीस जर्मनीतील आखेन येथे तपासणी चालू असताना एका छायाचित्रात कोठूनही न आल्यासारखी एकच इलेक्ट्रॉनची रेघ दिसली. त्याला ढकलणारा न्यूट्रिनो अदृश्य होता, निघून गेलेला न्यूट्रिनोही अदृश्य. जुलै १९७३ मध्ये शोध जाहीर झाला. अमेरिकेतील फर्मीलॅबच्या गटाने आधी दुजोरा दिला, मग 'आम्हाला काही दिसत नाही' म्हटले, आणि १९७४ मध्ये पुन्हा दुजोरा दिला. त्या मधल्या महिन्यांत सर्नच्या मंडळींनी काय सोसले असेल याची कल्पना करावी. ती आपल्या निष्कर्षावर ठाम राहिली.

१९७९ चे नोबेल ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना मिळाले. जड निरोपे तोवर कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. समितीने जरा धाडसच केले असे म्हणावे लागेल. ते धाडस वाया गेले नाही. इटलीचे कार्लो रुबिया यांनी सर्नच्या मोठ्या यंत्रात प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळविण्याची योजना रेटली आणि डच अभियंते सिमॉन फान डर मेर यांनी प्रतिप्रोटॉनांची विस्कळीत गर्दी एका रांगेत आणण्याची युक्ती काढली. जानेवारी १९८३ मध्ये डब्ल्यू कण सापडल्याचे जाहीर झाले, त्याच वर्षाच्या मध्यास झेड. एक प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड, दुसरा ९७ पट. सिद्धांताने सांगितले होते तेथेच ते भेटले. हिग्ज यांच्या क्षेत्राचा कण मिळायला ४ जुलै २०१२ उजाडावा लागला. त्या शोधातील एका प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता.

सलाम यांच्याविषयी दोन शब्द येथे लिहिले पाहिजेत. ते श्रद्धावान अहमदिया मुसलमान. वाइनबर्ग उघड नास्तिक. आपल्या श्रद्धेने किंवा वाइनबर्गच्या अश्रद्धेने सिद्धांतात काही फरक पडला नाही, असे सलाम यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या पंथाला पाकिस्तानने १९७४ साली कायद्याने बिगर-मुस्लिम ठरविले, तेव्हा ते अतिशय दुखावले. १९८१ साली भारतात आले असता लाहोरमध्ये आपल्याला गणित शिकविणारे अनिलेंद्र गांगुली या वृद्ध शिक्षकांना भेटायला ते कलकत्त्यास गेले आणि आपल्या पदकाचा मान त्यांच्या चरणी ठेवला. १९९६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. रबवा येथील त्यांच्या थडग्यावरील 'मुस्लिम' हा शब्द पुढे पुसून टाकण्यात आला. बलांचे ऐक्य साधणाऱ्याला आपल्या मातीत एवढेही ऐक्य लाभले नाही.

श्रद्धा आणि सिद्धांत यांचा विषय निघालाच आहे, तर फादर जॉर्ज लमेत्र यांचे स्मरण होते. विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत मांडणारे हे बेल्जियन धर्मगुरू. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५१ च्या एका भाषणात त्या सिद्धांतात निर्मितीच्या पुराव्याचा सूर काढला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. शास्त्रीय सिद्धांताला श्रद्धेच्या बाजूने वा विरुद्ध साक्षीला बोलावू नये असे त्यांचे मत होते. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी तो सूर पुन्हा लावला नाही. बलांच्या ऐक्याबाबतही आम्ही लमेत्र यांच्याच बाजूचे आहोत. हे ऐक्य उद्या खोटे ठरले तर आपला देव काही फादर सेक्कींच्या ईथरबरोबर जाणार नाही.

आणि सत्य सांगायचे तर विद्युतचुंबकीय व दुर्बल बलांची जुळणीही पूर्ण ऐक्य नव्हे. त्या सिद्धांतात बळाची तीव्रता सांगणारे दोन स्वतंत्र अंक शिल्लक राहतात. तो विवाह आहे. दोघे एका आईचे असल्याचे त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी तीव्र बलही त्यात मिळवून एकच अंक उरला पाहिजे. असा पहिला प्रयत्न सलाम आणि ओडिशात जन्मलेले जोगेश पती यांनी १९७३-७४ मध्ये केला. १९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि ग्लॅशो यांनी दुसरी, अधिक आटोपशीर रचना सुचविली. तिने एका जुन्या कोड्याचे उत्तर दिले. प्रोटॉनचा धन भार आणि इलेक्ट्रॉनचा ऋण भार तंतोतंत सारखा का असतो? कारण प्रोटॉनमधील क्वार्क आणि इलेक्ट्रॉन ही एकाच कुटुंबातील भावंडे आहेत. पण भावंडे असतील तर एकाचे दुसऱ्यात रूपांतरही होऊ शकेल. म्हणजे प्रोटॉन अमर नाही. तो केव्हातरी मोडेल, आणि त्याबरोबर सर्व द्रव्य.

घाबरण्याचे कारण नव्हते. त्या रचनेप्रमाणे प्रोटॉनचे सरासरी आयुष्य एकावर तीस-एकतीस शून्ये इतक्या वर्षांचे निघत होते, आणि विश्वाचे सारे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, म्हणजे एकावर दहा शून्यांच्या घरात. एका प्रोटॉनकडे टक लावून बसण्यात अर्थ नव्हता. परंतु पुष्कळ प्रोटॉन एकत्र पाहिले तर? १४० टन लोखंडात प्रोटॉन व न्यूट्रॉन मिळून आठावर एकतीस शून्ये इतके कण असतात. आयुष्य एकावर एकतीस शून्ये वर्षांचे असेल, तर त्यांपैकी वर्षाला सात-आठ मोडताना दिसावेत.

येथे आपला देश या इतिहासाच्या मध्यभागी येतो. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातील अत्यंत खोल खाणींपैकी होत्या. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा मारा टाळायचा तर खडकाखाली खोल जावे लागते, म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी १९५० च्या दशकापासून तेथे प्रयोग करीत होती. १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची जगातील पहिली नोंद तेथेच झाली. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत काम करणाऱ्या अमेरिकन गटाचा निबंध काही दिवसांनी आला. आता १९८० च्या अखेरीस चँपियन रीफ खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर, जेथे खडकच अंगाला भाजतो, लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये नळ्यांसारखे गणक यांचे थरावर थर रचून १४० टनांचे उपकरण उभे राहिले. एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकंतन, व्ही. एस. नरसिंहम् आणि जपानचे साबुरो मियाके ही त्यामागची प्रमुख नावे. प्रोटॉन मोडतो का हे पाहण्यासाठीच बांधलेले हे जगातील पहिले मोठे उपकरण.

१९८१ मध्ये या गटाने जाहीर केले, की उपकरणात पूर्णतः सामावलेल्या, प्रोटॉन मोडल्यासारख्या दिसणाऱ्या काही घटना आढळल्या आहेत. सर्वत्र खळबळ उडाली. मग अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याचे उपकरण सुरू झाले, १९८३ मध्ये जपानच्या कामिओका खाणीत दुसरे. प्रोटॉन तेथे मोडला नाही. कोलारच्या घटना बहुधा न्यूट्रिनोंच्या धडकांच्या असाव्यात, असे बहुतेकांचे मत झाले. ज्या वातावरणीय न्यूट्रिनोंना कोलारनेच प्रथम पाहिले होते तेच आता तिच्या वाटेत आडवे आले. कोलारच्या शास्त्रज्ञांनी अधिक मोठे दुसरे उपकरण उभारून पाहणी चालू ठेवली, पण जगाचे मत पालटले नाही. जॉर्जाय-ग्लॅशो यांची मूळची आटोपशीर रचना मात्र या नकाराने कोसळली.

नकारही फुकट जात नाही. प्रोटॉन मोडण्याची वाट पाहणाऱ्या कामिओकाच्या आणि अमेरिकेच्या टाक्यांनी २३ फेब्रुवारी १९८७ रोजी एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचे मूठभर न्यूट्रिनो टिपले. कामिओकाच्याच पन्नास हजार टन पाण्याच्या नव्या टाकीने १९९८ मध्ये न्यूट्रिनो आपली जात बदलतात हे दाखविले. म्हणजे कोलारच्या मार्गातील अडथळाच तेथे शोध ठरला.

बाकीचे थोडक्यात सांगता येईल. अतिसममितीची जोड दिली तर तिन्ही बलांच्या तीव्रता एका बिंदूत मिळतात, असे १९९१ मध्ये सर्नच्या मापनांवरून दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. त्या सिद्धांताने सांगितलेले कण अजून सापडलेले नाहीत. गुरुत्वाकर्षण फॅरडेच्या वेळी जेथे होते तेथेच, इतर तिघांपासून अलग उभे आहे.

कोलारचे प्रयोग १९९० च्या दशकाच्या प्रारंभी थांबले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणीच बंद झाल्या, पाणी उपसणे थांबले आणि खालचे मजले बुडाले. कामिओकाची टाकी १९९६ पासून पाहत आहे. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण आणि पायॉन यांत मोडण्याच्या मार्गाने प्रोटॉनचे आयुष्य निदान २४ वर तेहेतीस शून्ये वर्षांचे असले पाहिजे, असा हिशेब तिने २०२० साली प्रसिद्ध केला. मोडलेला प्रोटॉन अद्याप कोणी पाहिलेला नाही.